धुळ्याची लाईन

मे महिना आला की जळगावात माणसं एकमेकांशी कमी बोलतात. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात, दुकानदार अर्धं शटर ओढून आत बसतात आणि घरोघरी कुलरची घरघर सुरू होते. त्या घरघरीत बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडण्याइतकं महत्त्वाचं कोणाकडे काही नसतं. मला हे बरं वाटतं. या गावाच्या उन्हाळ्याने मला एकदा सांभाळून घेतलं होतं, त्यामुळे त्याला शिव्या द्यायला माझी जीभ उचलत नाही.

यंदा माझा भाचा निनाद पंधरवडाभर आमच्याकडे राहायला आला आहे. मोठमोठ्या टेलिफोन कंपन्यांना लागणारी यंत्रं बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत तो कामाला आहे. दिवसभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो आणि कानाला ते बोंड लावून इंग्रजीत बोलतो. परवा त्याला विचारलं, बाबा रे, तुझी ही यंत्रं नेमकं करतात तरी काय? तो म्हणाला, "मावशी, सोपं आहे. इथून एक निरोप निघाला की तो कुठल्या रस्त्याने जाईल, ते यंत्र ठरवतं. एक रस्ता बंद असला तर दुसरा शोधतं. शेजारच्या यंत्राला विचारतं, तुझ्याकडून जाता येईल का? ते त्याच्या शेजारच्याला विचारतं."

मी म्हटलं, "म्हणजे मीच की रे!"

तो हसला. पलीकडे आमचे हे खुर्चीत बसले होते. त्यांना आता डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही, उजव्या कानाने मर्जी असेल तर येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोठ्याने सांगितलं, "निनाद म्हणतोय, मी यंत्र आहे." ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय?" आमच्या घरात अजून असंच चालतं. कोणी काही बोललं की मी ते ह्यांना परत सांगायचं, आणि ह्यांचं उत्तर त्या माणसाला. आयुष्यभर पगार घेऊन जे केलं, ते आता फुकट चालू आहे.

मी जळगावच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आजच्या पोरांना ट्रंक म्हटलं की पेटी आठवते. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवावा लागे, मग तासन्‌तास वाट बघावी लागे. आमच्यासमोर भिंतीसारखा उभा बोर्ड. त्याला भोकंच भोकं, प्रत्येक भोकाखाली गावाचं नाव किंवा नंबर. हातात दोऱ्या. एक दोरी हाक मारणाऱ्याच्या भोकात, दुसरी ज्याला हाक मारायची त्याच्या भोकात. दोन्ही बसल्या की दोन माणसं बोलू लागत आणि आम्ही मधून बाजूला होत असू. निदान तसं समजायचं.

आणि आम्हाला नावं नव्हती. बोर्डावर बसलं की मी जळगाव. भुसावळची ती भुसावळ, मनमाडचा तो मनमाड. "भुसावळ, दिल्ली आहे का रिकामी?" "नाही गं जळगाव, व्हाया मुंबई बघ." वर्षानुवर्षं असं बोलून मनमाडला पडसं झालंय का, भुसावळच्या सासूने आज काही म्हटलंय का, हे आवाजावरून कळायचं. त्यातली बरीचशी गावं मी डोळ्यांनी कधी पाहिली नाहीत.

त्यातल्या धुळ्याशी मी लग्न केलं.

त्याची फार गंमत झाली होती तेव्हा. आमच्या बोर्डावरच्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटरला आम्ही अक्का म्हणायचो. अक्काने सगळ्या गावांना लाईनवरून आमंत्रणं केली, "जळगावची सोयरीक धुळ्याशी ठरली, ऐका हो!" लग्नानंतर ह्यांची बदली होईल, माझी होईल, असं सगळे म्हणत राहिले, अर्ज जात राहिले, आणि मी जळगावात खोली घेऊन आणि हे धुळ्यात खोली घेऊन असा आमचा संसार सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी एकाने पारोळ्यावरून एसटी धरायची आणि दुसऱ्याने पोळ्या करून ठेवायच्या. घरीसुद्धा तोंडात तेच बसलेलं. हे स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "जळगाव, पाणी मिळेल का?" आणि मी म्हणायचे, "लाईन बिझी आहे, धुळे." घरमालकीणबाई ते ऐकून कोणाकोणाला सांगत सुटल्या होत्या की ही दोघं गावांच्या नावाने भांडतात.

हे सगळं मी त्या उन्हाळ्याच्या आधीचं सांगते आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. थंडी सरता सरता धुळ्याच्या दवाखान्यात माझं बाळंतपण झालं. मुलगी होती. ती पोटातच गेली होती. मला गुंगी दिलेली होती, आणि शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलेलं होतं. ह्यांनी तिला नेलं होतं. कुठे नेलं, ते मला कोणी सांगितलं नाही. माझी आई उशाशी बसून म्हणाली, "विचारू नको बाई. आईला जागा सांगत नाहीत. सांगितली की जीव तिथेच अडकून राहतो, मग पुढचं काही होत नाही." सासूबाईंनीही मान हलवली. हे दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या चपलांना माती होती.

तेवढी माती मी पाहिली. मुलगी नाही पाहिली.

दूध मात्र आलं. त्याला कोणी कळवलं नव्हतं.

लोक विचारतात, दुःख फार झालं असेल, नाही? मी हो म्हणते, कारण तसं म्हणायचं असतं. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. हात लावला तर हात लागल्याचं कळायचं, भूक लागली तर जेवायचे, कोणी हसलं तर मीही थोडं हसायचे. दाढ काढताना दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि मग अर्धं तोंड आपलं नसल्यासारखं होतं, तसं. फक्त एकच प्रश्न आत होता, जागच्या जागी. तिला कुठे ठेवलं? तो मला विचारायचा होता, आणि विचारायचा होता तो एकाच माणसाला. पण हे सुट्टीला घरी आले की त्यांचा चेहरा समोर यायचा, आणि तो बघितला की माझी जीभ टाळूला चिकटायची. तेही बोलत नसत. भाजीत मीठ आहे-नाही एवढंच बोलणं उरलं होतं. ते मला घरी जळगाव म्हणेनासे झाले होते. नावानेही हाक मारत नसत. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचे.

चैत्रात मी कामावर परत गेले. रजा शिल्लक होती, पण घरात बसून मी करणार काय? अक्काने मला बघितलं, खुर्ची पुढे सरकवली आणि हेडसेट हातात दिला. तिने "वाईट झालं" म्हटलं नाही. म्हणाली, "सावद्याची लाईन धर. सकाळपासून जीव खाल्लाय त्यांनी."

सावद्याचे केळीचे व्यापारी म्हणजे उन्हाळ्यात आमच्या डोक्याला कायमचा ताप. केळी कापून वॅगनमध्ये भरली की दिल्लीला फोन करून भाव विचारायचा, आणि दिल्ली काही लागत नाही. त्यातले एक नाना फारच तापट होते. "बाई, दिल्ली लावा हो! माल वॅगनमधी पिकून राह्यला! मी सकाळपासून फोनजवळ बसेल हाये!" मी म्हणायचे, "नाना, लावते. भुसावळ देत नाही, मुंबईवरून बघते." नाना म्हणायचे, "कुठूनबी लावा, आभाळावरून लावा!" मी लावायचे. मला ते आवडत होतं. कोणाला तरी कोणाशी तरी बोलायचं असतं, मध्ये अडथळा असतो, आणि तो काढण्यासाठी मला काही वाटण्याची गरज नसते.

आणि धुळ्याची लाईन होती. माझ्या पाळीला तिकडे बहुतेक वेळा हेच असायचे.

"धुळे, जळगाव. नाशिक रिकामं आहे?"

"आहे जळगाव. घ्या."

"शिरपूर?"

"थांबा. बोला आता."

घरी ज्या माणसाशी मला दोन वाक्यं जोडता येत नव्हती, त्याच माणसाशी मी पाळीभर बोलत होते. लाईनवर ते मला तुम्ही म्हणायचे, मी त्यांना तुम्ही म्हणायचे, आणि आवाज पूर्वीसारखाच होता. समजूतदार, थोडा खालच्या पट्टीतला. चेहरा नव्हता. एकदा ते म्हणाले, "जळगाव, तिकडे फार तापलंय का?" मी म्हटलं, "हो. इकडे हेडसेट कानाला चटके देतोय." ते म्हणाले, "रुमाल ओला करून ठेवा." त्या पूर्ण महिन्यात आमच्यात झालेलं सर्वांत लांब बोलणं ते. मी रुमाल ओला करून ठेवला.

उन्हाळ्यात तारा सैल पडतात. तेव्हा जळगाव-धुळे बोलणं रस्त्याकडेच्या खांबांवरच्या उघड्या तारांवरून जायचं. तापल्या की त्या झोळ घेतात, वारा सुटला की एकमेकींना चिकटतात, आणि मग बोलणारा पाण्याखालून बोलतोय असं ऐकू येतं. अशा वेळी आम्ही जे करायचो त्याला नाव नव्हतं. नियमात बसत होतं की नाही देव जाणे. इकडच्या माणसाला तिकडचं ऐकू येईना झालं की मधली ऑपरेटर ते ऐकून परत म्हणायची. ऑपरेटरचा कान तयार असतो, खरखरीतून शब्द वेचून काढतो. दोन ऑपरेटर मध्ये असल्या तर दोघी म्हणायच्या. एकीने म्हटलं की दुसरी ते तसंच्या तसं म्हणून खातरी करून घ्यायची, मग पुढे द्यायची. अक्काने मला नवी असताना शिकवलं होतं, "शब्द त्यांचे, आवाज तुझा, पण आवाजात तुझं काही घालायचं नाही. आनंद नको, रडं नको. नाहीतर पलीकडचा घाबरतो." मी ते चांगलं शिकले. कोणाकोणाच्या मरणाच्या बातम्या मी दिल्या, कोणाच्या नोकरीच्या, कोणाचं ठरलेलं लग्न मोडल्याच्या. सगळ्या एकाच पट्टीत.

वैशाखातल्या एका दुपारी शिंदखेड्याचा कॉल होता. जळगावच्या एका दवाखान्यातून एक माणूस आपल्या बापाला फोन करत होता. शिंदखेडा आम्हाला धुळ्यातून मिळायचं. दोरी बसवली आणि दोन्हीकडून ओरडणं सुरू झालं. "आबा! आबा, आयकू येस का?" तिकडून नुसती खरखर. मग मी मध्ये बोलले, "तुम्ही मला सांगा भाऊ, मी पुढे देते." तिकडे धुळ्यात ह्यांनीही तेच केलं असणार, कारण शिंदखेड्याच्या त्या आबांना माझा आवाज पोचत नव्हता.

भाऊ म्हणाला, "बाई, आबाले सांगा, बहीण मोकळी व्हयनी. पोर शे. दोन्ही बऱ्या शेतस."

मी म्हटलं, "धुळे. निरोप घ्या. बहीण बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत."

तिकडून नेहमीच्या पट्टीत, "बहीण बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत." आणि मग तोंड दुसरीकडे वळवून, लांबून, त्यांच्या पारोळ्याकडच्या बोलीत, "आबा, पोर व्हयनी. दोन्ही बऱ्या शेतस. बठ्ठं बरं शे."

मला वाटलं झालं. पण म्हातारे लोक एवढ्यावर सोडत नाहीत. धुळे परत आले. "जळगाव, विचारताहेत. बाळ रडलं का?"

मी भावाला विचारलं, "आबा विचारताहेत, बाळ रडलं का?"

तो एवढ्या मोठ्याने हसला की मी हेडसेट जरा लांब धरला. "रडनी म्हंजे! बठ्ठा दवाखाना डोकावर लिधा तिनी!"

"धुळे. रडली. अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला म्हणे."

"रडली," धुळे म्हणाले. "अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला."

त्यांनी ते आबांना सांगितलं. मग मी म्हटलं, वेळ झाली, आणि दोरी काढली. पुढचा कॉल चाळीसगावचा होता. तो लावला. सरबत आलं ते प्याले. अक्का माझ्याकडे बघत होती हे मला दिसत होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. आत कुठे काही हललं का म्हणून मी स्वतःला चाचपून बघितलं. काही नव्हतं. हाताला घाम होता, तो उन्हाचा.

त्याच सुमारास एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात नवी इमारत पूर्ण होत आली होती. त्यात आपोआप फोन जोडणारं यंत्र बसणार होतं. माणसाने नंबर फिरवायचा, यंत्राने रस्ता शोधायचा, मध्ये कोणी बोलायचं नाही. आम्हाला एक दिवस ते दाखवायला नेलं. दारात चपला काढून आत जायचं. धूळ चालत नव्हती त्याला. आत इतका गारवा होता की माझ्या अंगावर काटा आला. आम्ही इतकी वर्षं वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून उन्हाळे काढले, आणि या कपाटांना एसी! अनवाणी पाय, गार फरशी, समोर रांगेत उभी लोखंडी कपाटं, त्यांच्यावर बारके दिवे. आमच्यातल्या एकीने चक्क हात जोडले. इंजिनिअर साहेब हसले, आम्हीही हसलो. अक्का म्हणाली, "देवाला तरी नवस करता येतो. ह्याला काय सांगणार?"

सगळ्या मला म्हणाल्या, तुझं भाग्य उघडलं. बोर्ड बंद झाला की धुळ्यालाही माणसं जास्त होणार, मग तुझ्या नवऱ्याची बदली इकडेच. एका घरात राहाल आता, एसटीचे धक्के संपले. मी हो म्हणाले. घरी येऊन खोलीकडे बघितलं. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीला पडदा. या खोलीत आम्ही दोघं रोज समोरासमोर बसू, आणि मध्ये धुळ्याची लाईन नसेल. मी तो प्रश्न मग कुठून विचारणार? त्यांना तोंडावर विचारणं मला या जन्मात जमणार नव्हतं, हे मला नीट माहीत होतं. आणि तेही आपणहून सांगणार नव्हते. लाईन बंद व्हायच्या आत विचारलं नाही तर ते तसंच राहणार, दोघांच्या मध्ये, मरेपर्यंत. एवढं एक मला त्या बधिरपणातही स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं की विचारायचं. कामात, इतर कॉलसारखं.

ज्या दिवशी ठरवलं त्याच दिवशी दुपारी आभाळ पिवळं झालं आणि वादळ आलं. खानदेशात मेअखेरीला येतं तसलं, पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ. सावद्याकडे केळीच्या बागा आडव्या झाल्याचे फोन यायला लागले आणि एकेक लाईन मरू लागली. धुळ्याच्या सगळ्या तारा गेल्या. माझ्या डोक्यात मात्र तेवढंच बसलेलं, आज विचारायचं. मी भुसावळला म्हटलं, "मला धुळे दे गं, कुठूनही." भुसावळने मनमाडला विचारलं. मनमाडची मालेगावकडची तारही पडली होती, त्याने चाळीसगावला विचारलं. खरखर, टकटक, माणसं एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून अंधारात चालल्यासारखी पुढे पुढे जात होती. शेवटी कोणीतरी उचललं. लांबून, बारीक आवाज आला.

मी म्हटलं, "धुळे?"

"कोण पाहिजे?"

"धुळे, मी जळगाव. मला एक विचारायचं आहे."

"अगं, मीच जळगाव!" आवाज म्हणाला, आणि तो मला दोन्हीकडून ऐकू आला, हेडसेटमधून आणि शेजारच्या खुर्चीतून. अक्का माझ्याकडे वळून बघत होती. चाळीसगावला वाटलं होतं धुळं जळगावकडून मिळेल, म्हणून त्याने आम्हालाच विचारलं होतं. सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं होतं, आणि माझा कॉल सगळा खानदेश फिरून माझ्याच शेजारी येऊन बसला होता. सगळा बोर्ड हसला. अक्का नाही हसली. तिने माझी दोरी हळूच काढून घेतली आणि विचारलं, "काय विचारायचं होतं गं तुला?"

मी म्हटलं, "काही नाही. नाशिक रिकामं आहे का."

निनादला हा किस्सा सांगितला तर तो टाळ्या पिटायला लागला. "मावशी, हा लूप! आमच्याकडे अजून होतो. त्यासाठी प्रत्येक निरोपावर आम्ही मर्यादा घालतो, इतक्या ठिकाणी फिरून पोचला नाही तर तो मरतो, फिरत राहत नाही." मी म्हटलं, बरं करता. खुर्चीतून ह्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, वादळात माझा कॉल मलाच आला होता ते सांगत होते. ते म्हणाले, "मला लावत होतीस ना तेव्हा?" इतक्या वर्षांत त्यांना हे मी कधी सांगितलं नव्हतं. अक्काने सांगितलं असणार.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. आईचं म्हणणं खरं ठरलं म्हणायला लोक मोकळे झाले. म्हणोत.

तारा जोडायला आठवडा गेला, आणि तारा जोडून होईतो बोर्ड बंद करायचा दिवस उजाडला. सकाळी अक्काने बोर्डाला हळदकुंकू लावलं. मागच्या खोलीत माणसं वायर कापायच्या पकडी घेऊन उभी होती, साहेबांनी सांगितलं की एकेक गाव काढत जायचं. ऑपरेटरने त्या गावाला शेवटचं बोलावं, बंद करतो म्हणून सांगावं, आणि हात वर करावा. मग मागून वायर सुटणार. भुसावळ रडली. मनमाड म्हणाला, "कधी इकडे आलात तर भेटा, ओळखणार कसं ते मात्र माहीत नाही." हसत हसत एकेक गाव गेलं. धुळे माझ्याकडे होतं.

मी दोरी लावली. "धुळे, जळगाव."

"बोला जळगाव."

"बंद करतोय आम्ही."

"हो. कळलं. इकडेही तेच."

अक्का माझ्या मागे उभी होती. मी हात वर केला नाही. मी अर्जंट कॉल लावताना बोलते त्याच आवाजात म्हटलं, "धुळे, एक विचारायचं आहे. मुलीला कुठे ठेवलं?"

तार गुणगुणत राहिली. मागच्या खोलीतून कोणीतरी विचारलं, धुळे काढू का? अक्काने त्याच्यावर हात उगारला.

मग धुळे बोलले. कामाच्या आवाजात, एकेक तुकडा तोडून, मला घेता यावा असा. "घ्या जळगाव. धुळ्याहून जळगाव रस्ता."

"धुळ्याहून जळगाव रस्ता."

"पारोळ्याच्या अलीकडे आमचं शेत रस्त्याला लागतं तिथे."

"पारोळ्याच्या अलीकडे. तुमचं शेत रस्त्याला लागतं तिथे."

"बांधावर तारेचा खांब आहे. खांबापासून आत, निंबाखाली. दगड ठेवला आहे."

"खांबापासून आत. निंबाखाली. दगड ठेवला आहे."

"आपली लाईन तिच्यावरूनच जाते."

ते म्हणताना मला थोडा वेळ लागला. उन्हाळाभर मी तिच्यावरून बोलत होते. केळीचे भाव, लग्नाच्या तारखा, शिंदखेड्याच्या आबांची नात. एसटीत खिडकीशी बसून मी कितीदा त्या खांबाजवळून गेले होते. "आपली लाईन तिच्यावरूनच जाते," मी म्हटलं.

"बरोबर."

"कशी होती?"

"डोक्यावर केस होते. दाट. तुझ्यासारखे."

"डोक्यावर केस होते," मी म्हटलं. "दाट."

मग तिकडून जे आलं त्यात शब्द नव्हते. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकला होता, त्यात हे कधी ऐकलं नव्हतं. सवयीने मी ते परत म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच्या तसं माझ्या तोंडून बाहेर पडलं.